खंबाटकीत पडलेला फरक

पुण्याहून साताऱ्याला येताना तेव्हा खंबाटकी चढावी लागायची. जाताना बोगद्यातून सुटका व्हायची, येताना घाट चुकायचा नाही. आमच्या गाडीने गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या मार्चपासून, ही गोष्ट फार मनावर घेतली. जाताना शहाण्यासारखी जायची आणि येताना मान टाकायची.

गाडी १९८७ची प्रीमियर पद्मिनी. मी बँकेत ऑफिसर झाले त्या वर्षी स्टाफ लोनवर घेतलेली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, डॅशबोर्डखाली चोकची घुंडी. आमच्या ह्यांना गाडी चालवता येत नाही, पण गाडीविषयी मतं भरपूर आहेत. त्यांतलं सगळ्यात जुनं मत ‘विकून टाक’ हे आहे आणि ते मी गेली वीस वर्षं ऐकते आहे.

पहिल्यांदा झालं ते असं. घाट लागला, मी तिसरा टाकला. दोन वळणं नीट गेली. तिसऱ्याला गाडीला उचकी लागल्यासारखं झालं. एक झटका, मग काही नाही, मग लागोपाठ दोन. सायलेन्सरमधून फट्‌ असा आवाज. मी अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबला तर गाडी वेग घ्यायची सोडून ढिली पडली. पाय खाली जातोय आणि ताकद कमी होतेय, हा अनुभव फार चमत्कारिक असतो. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं पोटात होतं. मागे ट्रकांचे भोंगे. दुसरा टाकला, पहिला टाकला, कशीबशी कडेला घेतली आणि इंजिन बंद पडलं. खामजाईच्या देवळापाशी सावलीत जाऊन बसलो. दहा-पंधरा मिनिटांनी चावी फिरवली तर पहिल्या फेरीत चालू. सुरूरपर्यंत मी श्वास रोखून होते. घरी येईपर्यंत काहीसुद्धा झालं नाही.

गॅरेजच्या भाषेत याला ‘मिसिंग’ म्हणतात. गाडी मिसिंग मारते, ओढत नाही, पिकअप नाही. शब्द तीन, पण एकाच दुखण्याचे असतील असं नाही, हे मला पुढे कळलं.

आधी गेले ते हायवेलगतच्या एका चकचकीत गॅरेजमध्ये. तिथल्या मुलाने सवयीने स्कॅनर हातात घेतला आणि तो लावायची जागा डॅशबोर्डखाली शोधू लागला. मी म्हटलं, “बाळा, ती जागाच नाही या गाडीत.” त्याचा चेहरा पडला. आजच्या गाडीला काय होतंय ते विचारता येतं. ती आकडा सांगते, आकड्यावरून दुखणं कळतं, निदान दिशा तरी कळते. कार्बोरेटरची गाडी, म्हणजे पेट्रोल नि हवा एका साध्या भांड्यात मिसळणारी, मुकं जनावर. तिचा डोळा बघायचा, पोट चाचपायचं, शेण बघायचं. त्या मुलाने चाचपणी केली नाही. प्लग बदलले. वायरी बदलल्या. कॉइल बदलली. मग पोवई नाक्यापर्यंत एक चक्कर मारून आणली आणि म्हणाला, मक्खन. खरंच मक्खन होती.

तीन आठवड्यांनी पुण्याहून येताना शिरवळच्या अलीकडेच उचकी लागली. घाट तर अजून यायचाच होता.

दुसऱ्या गॅरेजने कंडेन्सरवर बोट ठेवलं. यात तथ्य असतं, म्हणून सांगते. जुन्या गाडीत पॉइंट, म्हणजे करंट तोडणारा छोटा स्विच, उघडतो तेव्हा कॉइलमधून प्लगकडे ठिणगी जाते, आणि उघडणाऱ्या पॉइंटच्या तोंडावर विजेने उडी मारू नये म्हणून शेजारी कंडेन्सर बसवलेला असतो. करंगळीच्या पेराएवढी वस्तू. हा कंडेन्सर गरम झाला की दगा देतो आणि थंड झाला की पुन्हा साळसूद होतो. आमच्या गाडीचं लक्षण हुबेहूब तेच. कंडेन्सर बदलला, पॉइंट घासून फिलर गेजने गॅप लावला. पुन्हा चक्कर, पुन्हा मक्खन. पुन्हा खंबाटकी.

तिसरं निदान शेजाऱ्यांचं. गाडीच्या पंपात आणि पाइपात पेट्रोल उकळतं, वाफ धरते, वाफ पंपाला ओढता येत नाही, गाडी गुदमरते. एप्रिल-मेमध्ये जुन्या गाड्यांना हे होतंच. पूर्वी लोक घाटात पंपावर ओलं फडकं टाकून बसायचे, माझ्या लहानपणी मी कितीदा पाहिलंय. म्हणून मीही एक जुना पंचा आणि पाण्याचा कॅन घेऊन निघू लागले. पंचा टाकला, वाफा निघाल्या, दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. मी पंच्याला श्रेय दिलं. पंचा न टाकताही ती दहा मिनिटांनी सुरू झाली असती, हे तपासून बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही. बँकेच्या ज्या तपासणी खात्यात इतकी वर्षं काढली त्याला हे शोभणारं नव्हतं.

चौथं निदान घरातलं आणि नाजूक. आमची मुलगी पुण्यात. आम्ही निघालो की जावई पुढे होऊन, कात्रजच्या अलीकडे पंपावर गाडी घ्यायला लावतो आणि हट्टाने टाकी गच्च भरून देतो. पहिला कट पडल्यावरही “अजून बसेल, टाका” म्हणतो. हे दोन दिवस विचार करून मला म्हणाले, “बघ हं, बोलू नये, पण त्याने पेट्रोल भरलं की गाडी लवकर बंद पडते.” मी म्हटलं, हे वाक्य पुण्यात उच्चारायचं नाही. पण त्यांचं निरीक्षण खरं होतं. निष्कर्ष तेवढा चुकला.

त्याच उन्हाळ्यात जो भेटेल तो इथेनॉलवर बोलत होता. पेट्रोलमध्ये १० टक्क्यांचा टप्पा देशाने जून २०२२मध्ये गाठला आणि २०२५मध्ये २०. आमच्या भागात यावर बोलायचं म्हणजे जपून बोलावं लागतं, कारण अर्धं गाव उसावर उभं आहे. पण जुन्या गाडीवाल्यांची धास्ती काही अगदीच हवेतली नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, ते पाणी धरतं, टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा राप सोडवून पुढे जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकात, नेऊन घालतं, आणि त्या काळचे रबरी पाइप नि पंपाचा पडदा त्याच्या हिशेबाने बनवलेले नसतात. म्हणून मी पाइप बदलून घेतले, पंपाचं किट टाकलं, कार्बोरेटर उघडून धुऊन घेतला. या खर्चाचं मला दुःख नाही. ते कधीतरी करायचंच होतं. पण उचकी तशीच राहिली.

मी बँकेत शेवटची अकरा वर्षं तपासणी खात्यात काढली, पण खरं शिक्षण झालं ते त्याच्या कितीतरी आधी, कॉम्प्युटर येण्यापूर्वी, लेजरांच्या ताळ्यावर. संध्याकाळी ताळा जमला नाही की घरी जायचं नाही. आमचे तेव्हाचे हेडक्लार्क फरकाचा आकडा ऐकल्याबरोबर आधी त्याला नऊने भागायचे. भाग गेला तर कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत. २७०चे ७२० झाले, फरक ४५०, नऊने बरोबर भाग जातो. नाही गेला तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची. दीडशे रुपये जमेऐवजी नावे पडले की फरक तीनशेचा येतो. लेजर उघडण्याआधीच चूक कोणत्या जातीची आहे हे त्यांना कळलेलं असायचं. फरक म्हणजे चूक नव्हे, चुकीने मागे ठेवलेला पायाचा ठसा, असं काहीसं ते म्हणायचे.

आणि फरक सापडलाच नाही तर? तर तो सस्पेन्स खात्यात टाकायचा. ताळा कागदावर जमतो, सगळे घरी जातात, चूक जिथे होती तिथे आरामात पडून राहते. माझ्या गाडीत मे महिन्यापर्यंत चार प्लग, एक कॉइल, एक कंडेन्सर आणि एक पंपाचं किट सस्पेन्सला पडलं होतं. जुने काढलेले भाग मी मागून घेतले होते. डिकीत एका पिशवीत खुळखुळत होते. ते वाईट होते असं कुणीही दाखवून दिलं नव्हतं.

सदर बझारकडच्या एका गल्लीत एक वयस्क मेस्त्री आहेत, एवढं मला ऐकून माहीत होतं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींवर त्यांची निम्मी हयात गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, हे त्यांनी मला बसायला स्टूल देतादेताच सांगितलं. घरातल्या कुणाची तिथी सांगावी तसं. बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. विचारलं, “ताई, गाडी टपकन बंद पडती का हळूहळू दम सोडती?”

तीन महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मी आठवून सांगितलं, हळूहळू. आधी उचक्या, मग ढिली, मग बंद. ते म्हणाले, “मग करंटचं सोडून द्या. करंट गेला की दिवा गेल्यावानी जातो, सांगून जात न्हाई. हे पेट्रोल हाय.” नऊने भागून बघण्याची त्यांची रीत ही. पुढचा प्रश्न होता, “चोक वडून बघितला का?” मी एकदा ओढला होता, एका ट्रकच्या क्लीनरने ओरडून सांगितलं म्हणून, आणि गाडी तीस-चाळीस फूट बरी गेली होती. ती काही मी मोलाची गोष्ट मानली नव्हती. चोक ओढला की हवा कमी होते आणि त्या मानाने पेट्रोल वाढतं. त्याने गाडी सुधारते याचा अर्थ तिला पेट्रोल कमी पडतंय. प्लग काढून पाहिले तर तोंडं पांढरट होती. नीट जळणाऱ्या प्लगचा रंग कॉफीसारखा असतो, पेट्रोल जादा झालं तर काजळी धरते आणि कमी पडलं तर पांढुरका होतो. सगळे पुरावे एकाच बाजूला पडत होते.

मग पंपाकडून येणारा पाइप कार्बोरेटरपाशी सोडवून बाटलीत धरला आणि मला स्टार्टर मारायला लावला. चळक चळक पेट्रोल आलं. पंप ठणठणीत. जेट साफ. कार्बोरेटरच्या वाटीत तळाला कचरा नाही. मेस्त्री बीडी न पेटवता ओठात धरून बराच वेळ उभे राहिले. “पेट्रोल हाय,” ते म्हणाले, “पण येळेला पोचत न्हाई.” सपाटीला चाळीसच्या वेगाने जाताना इंजिनाची भूक भाकरीतुकड्याची असते, वाटीत असतं तेवढ्यावर भागतं. घाटाला ती पंगतीची होते. वाटी रिकामी व्हायला लागते आणि मागून भर येत नाही. पण का येत नाही?

“बिघडायच्या आधी शेवटचं काय काम केलं गाडीचं?”

काहीच नाही, मी म्हटलं. ठामपणे म्हटलं. मग पर्समधून वही काढली. गाडीची वही मी पहिल्या दिवसापासून ठेवते. किलोमीटर, लिटर, पैसे, शेरा. घरात या वहीची टिंगल होते. मेस्त्री म्हणाले, तुमचं अक्षर मला लागायचं न्हाई, तुम्ही वाचा. बँकेत आम्ही असंच करायचो. एकाने व्हाउचर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने लेजरवर टिक मारायची. डोळ्यांनी शंभरदा पाहून न दिसलेली चूक स्वतःचा आवाज कानावर पडला की दिसते.

मी मेपासून मागे वाचत गेले. टाकी फुल्ल, उचकी शिरवळच्या अलीकडे. जावई परगावी, पेट्रोल भरलं नाही, टाकी अर्धी, उचकी खंबाटकीच्या मध्यावर. टाकी फुल्ल, पुन्हा शिरवळ. मेस्त्रींनी हात वर करून मला थांबवलं. “भरलेली असली की लवकर, अर्धी असली की उशिरा?” हो. जाताना काहीच नाही, कारण साताऱ्यातून निघताना टाकीत तळाशीच काय ते असतं. “आणि पंपावर पेट्रोल भरलं की?” भरल्यावर काही वेळ गाडी झकास. मग आणखी मागे. मार्च. पहिली उचकी. फेब्रुवारी, तारीख १६, पेट्रोलच्या टाकीचं टोपण, कुलूपवालं, एक नग.

वाचतानाच माझा आवाज खाली आला.

आमच्या गल्लीत त्या महिन्यात रात्री पेट्रोल चोरीला जात होतं. जुन्या टोपणाला कुलूप नव्हतं. मी बाजारातून कुलूपवालं आणलं, घट्ट बसतंय ना ते तपासलं, आणि घट्ट बसलं म्हणून खूश झाले. तीन महिने मी सगळ्या गावाच्या नोंदी तपासत होते. स्वतःची नोंद तेवढी तपासायची राहिली.

मेस्त्री लगेच काही बोलले नाहीत. पक्कं झाल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्यांचा बाणा. टाकी गच्च भरली, टोपण कुलूप लावून बंद केलं आणि आम्ही उंब्रजपर्यंत जाऊन परत आलो. येतायेता उचकी लागलीच. तरी तशीच हळूहळू गावातून काढून यवतेश्वरचा घाट धरला. दुसऱ्या वळणाला गाडीने मान टाकली. आजवर प्रत्येक वेळी अशा क्षणी कुणीतरी बॉनेट उघडलं होतं. मेस्त्री उतरले ते थेट मागे गेले. चावी लावून टोपण फिरवलं आणि मला तो आवाज ऐकू आला. सुस्स्स. लांबलचक. प्रेशर कुकरसारखा, पण उलटा. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती.

आणि मला पंपावरचा पोरगा आठवला. एप्रिलमध्ये टोपण उघडताना तो हसून म्हणाला होता, “मॅडम, तुमची टाकी श्वास घेतेय.” मी त्याला मीटर शून्यावर आहे ना ते बघ म्हणून सांगितलं होतं.

गोष्ट इतकी साधी आहे की सांगताना लाज वाटते. टाकीतून जितकं पेट्रोल जाईल तितकी हवा तिच्यात यायला हवी. जुन्या टोपणाला त्यासाठी बारीक भोक असतं. माझ्या नव्या टोपणाला नव्हतं. हवा येईना, आत पोकळी धरली, पंप एका बाजूने ओढतोय आणि टाकी दुसऱ्या बाजूने सोडत नाही. गच्च भरलेल्या टाकीत वरची मोकळी जागा अगदी थोडी, म्हणून दोन-तीन लिटर जाताच ओढ बसायची. अर्ध्या टाकीत हवा पुष्कळ, म्हणून ती पुरवून पुरवून घाटापर्यंत यायची. गाडी थांबवली की कुठूनतरी फटीतून हवा हळूहळू झिरपायची आणि दहा मिनिटांत तक्रार मिटायची. गॅरेजमध्ये तर प्रत्येक जण आधी पेट्रोल आहे का बघायला टोपण उघडायचा. म्हणजे तपासायला हात लावताक्षणी दुखणं पळून जायचं. मक्खन.

पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला मी लग्न झाल्यापासून दोन भोकं पाडत आले आहे. एकाच भोकातून तेल गुटगुळ करत येतं आणि अंगावर उडतं, हे मी सुनेलाही शिकवलंय.

यवतेश्वरच्या त्या वळणावर मेस्त्रींनी टोपण नुसतं टेकवून ठेवलं, कुलूप न लावता. गाडी दुसऱ्यावरून तिसऱ्यावर घेतली आणि वरपर्यंत नेली, एक ठेच न लागता. वर पोचल्यावर त्यांनी ओठातली बीडी पेटवली. मजुरी सांगितली ती मी इथे लिहीत नाही, कारण डिकीतल्या पिशवीशेजारी तो आकडा फारच केविलवाणा दिसतो. जुनी कॉइल त्यांनी पुन्हा बसवली. म्हणाले, नवीनपेक्षा हीच बरी हाय.

जुनं टोपण गॅलरीतल्या पत्र्याच्या डब्यात सापडलं, त्यात ह्यांनी चुका ठेवल्या होत्या, म्हणजे खिळे. आमच्या घरात काहीही फेकत नाहीत याबद्दल मी पहिल्यांदाच कुणाला दोष दिला नाही. धुऊन, तोंडाला लावून ओढून पाहिलं. हवा येत होती. वहीत मी दुरुस्तीची नोंद केली. आमच्या तपासणी अहवालात शेवटचा रकाना ‘जबाबदार कर्मचारी’ असा असायचा आणि तो भरताना लोक फार तिरप्या अक्षरात लिहायचे. मी शक्य तितकं सरळ लिहिलं.

गल्लीत चोऱ्या अजून होतात. मेस्त्री म्हणालेत की कुलूपवाल्या टोपणालाच भोक पाडून देतो, पण मी अजून नेलेलं नाही.

जूनमध्ये पुण्याहून परत निघालो. जावयाने टाकी गच्च भरली. “अजून बसेल,” म्हणाला, आणि ह्यांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं. शिरवळ गेलं. घाट लागला, तिसऱ्यावर पहिलं वळण, दुसरं, तिसरं. इंजिनाचा आवाज एकसुरी, कंटाळवाणा, सुंदर. खामजाईचं देऊळ दिसायला लागलं तसे हे सावरून बसले आणि म्हणाले, “घे कडेला.”

“का? काही होत नाहीये.”

“नसेना का. डबा इथेच उघडायची सवय झालीय.”

मी इंडिकेटर दिला.